कॉलेज फुटबॉलवेड्या घरातला सीझन: मुलं, शनिवार आणि स्वयंपाकघर

शनिवारवाडा (ॲन आर्बर)

ऑगस्ट संपत आला. ज्या घरातलं एक तरी माणूस मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, टेक्सस असल्या अमेरिकन फुटबॉलवेड्या विद्यापीठात शिकलंय, त्या घराला पुढच्या तीन महिन्यांचं वेगळं सांगायला नको. दरवर्षी तेच प्रश्न इकडेतिकडे विखुरलेले असतात: बाळाला स्टेडियममध्ये न्यावं का, टेलगेटला (मॅचआधी स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी होणारं खाणंपिणं) काय करावं, पोराला टॅकल (समोरच्याला धडकून पाडायचा फुटबॉल) खेळू द्यावं का. म्हणून हा एकच धागा. उपयोगाचं लिहा. कुठली टीम भारी यासाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडा.

सुरुवात वेळेपासून, कारण घरातल्या निम्म्या कटकटींचं मूळ तिथे आहे.

नियमित सीझन १२ सामन्यांचा, जवळजवळ सगळे शनिवारी, त्यातले साधारण सात घरच्या मैदानावर. तारखा कितीतरी आधी कळतात, पण वेळ टीव्हीवाले ठरवतात. बऱ्याच सामन्यांची वेळ १२ दिवस आधी जाहीर होते, कधीकधी फक्त ६ दिवस आधी. त्यामुळे ऑक्टोबरमधल्या शनिवारी पोराचा वाढदिवस ठरवून पंचवीस जणांना 'दुपारी ३ ते ५' असं कळवून मोकळं होऊ नका. रविवार धरा.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेचे मुख्य स्लॉट तीन: दुपारी १२, दुपारी ३:३०, आणि संध्याकाळी ७ ते ८ च्या दरम्यान. सामना घड्याळात ६० मिनिटांचा, प्रत्यक्षात साधारण साडेतीन तासांचा. २०२३ पासून फर्स्ट डाउन (दहा यार्ड पुढे जाऊन नव्या चार संधी) मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही (प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून), तरी फार फरक पडलेला नाही. शेवटची दोन मिनिटं अटीतटीची असली तर खुशाल पंधरा-वीस मिनिटं चालतात. म्हणून मुलांना कधीही 'दोन मिनिटं राहिलीत, मग जाऊ' असं सांगू नये. मॅचचं घड्याळ मुलांसाठी वापरायचंच नाही. 'सव्वासातला निघू' असं भिंतीवरच्या घड्याळाने सांगायचं, आणि सव्वासातला टीव्ही तसाच सोडून उठायचं. रेकॉर्डिंग असतं.

हाफटाइम (मध्यंतर) २० मिनिटांचा. १२ च्या सामन्याचा हाफटाइम १:३५ च्या आसपास, ३:३० चा ५:१० च्या आसपास, ७:३० चा नऊ वाजून गेल्यावर. यावरून जेवणाचं ठरवता येतं:

१२ ची मॅच: मुलांना सव्वाअकरालाच वरणभात. हाफटाइमला जेवू म्हटलं तर लहानग्याची झोप आणि भूक एकाच वेळी येते.

३:३० ची मॅच: कुकर किकऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) आधी लावून ठेवायचा, हाफटाइमला ताक-भात-भाजी. २० मिनिटांत पानं वाढून, जेवून, उचलून होतं. पोळ्या लाटायला बसायचं नाही.

रात्रीची मॅच: सात वर्षांखालच्या मुलांना पहिला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) दाखवून झोपवायचं. सकाळी उठल्यावर दहा मिनिटांचे हायलाइट्स. हे पहिल्या आठवड्यापासून ठरलेलं असलं तर रडारड होत नाही. चौथ्या आठवड्यात नियम आणला तर होते.

बाकीचं तुम्ही भरा.

शेंदरी_करडा (कोलंबस)

धागा छान, मालक चुकीच्या, म्हणजे आमच्या प्रतिस्पर्धी टीमच्या गावात राहतात एवढंच.

वेळेत एक भर: गृहपाठ. रविवार संध्याकाळवर ढकलला की संपलं. शुक्रवारी शाळेतून आल्यावर पाऊण तास, मग शनिवार मोकळा. मॅच बघण्याची परवानगी गृहपाठाला बांधू नका, कारण वेळ आली की बापच सर्वांत आधी नियम मोडतो. गृहपाठ शुक्रवारी होतो, बस्स. मॅचशी त्याचा संबंध नाही.

कोथरूडची_आजी

माझा मुलगा-सून तिकडे आहेत. शनिवारी फोन केला की कोणी नीट बोलत नाही, मागून आरडाओरडा. नक्की कधी करावा?

शनिवारवाडा

आजी, हा तक्ता फ्रिजवर लावा.

१२ चा सामना = तुमचे शनिवारी रात्रीचे ९:३०
३:३० चा = रविवारी पहाटे १:००
७:३० चा = रविवारी पहाटे ५:००

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून तुमच्या वेळेत एक तास मिळवायचा: १०:३०, २:००, ६:००. सगळ्यात सुरक्षित वेळ शनिवारी तुमच्या संध्याकाळचे साडेसहा. तिकडे सकाळचे नऊ, मुलं नाश्त्याला, मॅच कुठलीच सुरू नाही. नोव्हेंबरात साडेसात. आणि रविवारी फोन करायच्या आधी स्कोअर बघून घ्या. हरले असतील तर आधी नातवंडांना मागा, मुलाला नंतर.

कोथरूडची_आजी

लावला फ्रिजवर. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जातोय. ह्यांना क्रिकेटशिवाय काही कळत नाही, तिथे बसून करणार काय?

चौथा_डाउन (डब्लिन, ओहायो)

काकांना क्रिकेटनेच समजवा. चार चेंडूंत दहा धावा करायच्या. झाल्या तर पुन्हा नवे चार चेंडू. इथे चेंडूच्या जागी डाउन आणि धावांच्या जागी यार्ड, एवढंच. तीन चेंडूंत सात झाल्या तर चौथ्यावर प्रश्न: उरलेले तीन यार्ड मारायचे, की लाथ मारून बॉल लांब देऊन टाकायचा (पंट), की गोलपोस्ट जवळ असले तर किक मारून तीन गुण घ्यायचे (फील्ड गोल). सगळा गाव टीव्हीवर ओरडतो तो या चौथ्या डाउनवरून. गुण लक्षात ठेवायला: टचडाउन (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्टीत नेणं) ६, त्यानंतरची किक १, किक न मारता पुन्हा आत नेला तर २, फील्ड गोल ३, सेफ्टी (बॉलवाल्याला त्याच्याच शेवटच्या पट्टीत पाडणं) २.

बरोबरी झाली तर कॉलेजची पद्धत एनएफएलपेक्षा (व्यावसायिक लीग) वेगळी आणि बघायला जास्त मजेची. दोन्ही टीमना समोरच्याच्या २५ यार्डांवरून एकेक संधी. दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, तिसऱ्यापासून फक्त दोन-दोन गुणांचे आळीपाळीने प्रयत्न. दहा वर्षांच्या नातवाला 'तू आजोबांना समजाव' असं काम द्या. दोघांचेही दोन तास आनंदात जातात, आणि समजावता समजावता नातवाचं मराठी सुधारतं.

वर्गणीदार

मंडळाच्या कामाचा अनुभव असलेल्यांसाठी थोडं. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. म्हणजे बरीच मंडळं १९ तारखेचा शनिवार धरतील. कॉलेज गावात हॉल ठरवण्याआधी त्या दिवशी सामना घरी आहे की बाहेर एवढंच बघा. घरी असला तर कॅम्पसजवळचं पार्किंग मिळत नाही, हॉटेलचे दर चढतात, पाहुणे कलाकार ट्रॅफिकमध्ये अडकतात, आणि ढोलपथकातली निम्मी पोरं स्टेडियममध्ये असतात. बाहेर असला तर हॉलच्या मागच्या खोलीत एक स्क्रीन लावा. तत्त्वाचा प्रश्न करू नका. स्क्रीन नसेल तर लोक आरतीत फोन बघतात.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी टीमचा बाय वीक शोधा. त्या आठवड्यात सामनाच नसतो, आणि तारीख आधीपासून माहीत असते.

कानसेन

बाळांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कानांचं काम करते, त्यामुळे त्याच बाजूने.

मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, ओहायो स्टेडियमची १,०२,७८०. एवढी माणसं तिसऱ्या डाउनला एकदम ओरडली की आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. मोठ्यांच्या नोकरीच्या ठिकाणासाठी अमेरिकेतली शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. बाळाचा कान यापेक्षा जास्त सहन करेल असं धरायला काहीच आधार नाही.

काय घ्यायचं: डोक्यावरून येणारे इअरमफ्स. फोमचे बोळे लहान मुलांना नकोत. नीट बसत नाहीत आणि काढून तोंडात घालतात, घशात अडकण्याचा धोका. पाकिटावर २२-२३ डेसिबल लिहिलेलं असतं, पण तेवढी घट प्रयोगशाळेत. प्रत्यक्षात हिशोबासाठी त्यातून ७ वजा करून निम्मं करतात, म्हणजे २३ चे ८ धरा. म्हणून मफ्स लावले की काम झालं असं नाही. जागाही बघावी लागते.

मफ्स का गळतात ते सांगते. लोकरी टोपी आधी घालून वरून मफ्स लावले की गादी कानाभोवती बसत नाही, आवाज फटीतून आत येतो. नोव्हेंबरात हे सगळीकडे दिसतं. आधी मफ्स, मग त्यावर सैल टोपी किंवा हुड. केसांची पिन, चष्म्याची काडी, कुंची, सगळ्याने तीच फट पडते. घरी आठवडाभर रोज दहा मिनिटं खेळताना लावून सवय करा, नाहीतर पहिल्या क्वार्टरला काढून फेकतात.

जागा: विद्यार्थ्यांच्या विभागापासून आणि बँडपासून लांब, आणि वरच्या मजल्याच्या छताखाली नको, तिथे आवाज घुमतो. माझं मत विचाराल तर वर्षाच्या आतल्या बाळाला स्टेडियममध्ये नेऊच नका. बँड मैदानाकडे कूच करतो ते बाहेरून बघता येतं, फुकट, आणि वीस मिनिटांत घरी. त्यातही ड्रमच्या रांगेपासून पन्नास फूट लांब.

शेंदरी_करडा

+१. आणि मुलाला गर्दीची सवय करायची असेल तर थेट फुटबॉलला नेण्याआधी त्याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल किंवा जिम्नॅस्टिक्सच्या सामन्याला न्या. तिकीट स्वस्त, दोन तासांत संपतं, कंटाळला तर उठून येता येतं. पूर्वी आम्ही सगळे एप्रिलातला स्प्रिंग गेम (टीमचा आपापसातला सराव सामना) सुचवायचो, पण २०२५ पासून नेब्रास्का, टेक्सससारख्या काही ठिकाणी तो रद्द झाला, तेव्हा आधी बघून घ्या.

वंदना_ताई (ह्यूस्टन)

तीन आणि सहा वर्षांची दोन मुलं. पहिल्यांदाच नेतोय. बॅग किती मोठी चालते? डायपरची वेगळी?

शनिवारवाडा

ताई, बॅगेचे नियम विद्यापीठागणिक बदलतात. तुमच्या बाजूला एसईसीच्या (दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा गट) स्टेडियममध्ये पारदर्शक बॅग, १२ × ६ × १२ इंचांपेक्षा मोठी नाही, किंवा एक गॅलनची झिपची पारदर्शक पिशवी. शिवाय हातात मावेल एवढी पर्स, ४.५ × ६.५ इंच. काही स्टेडियम याहून कडक आहेत. डायपर, दूध, औषध यांना काही ठिकाणी वेगळ्या गेटवर तपासून सोडतात, काही ठिकाणी नाही. बाळाला तिकीट लागतं की नाही हेही तसंच. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या पानावर वाचा, गेल्या वर्षीची माहिती धरून जाऊ नका. बाबागाडी सहसा आत नेता येत नाही, पाठीवरचा किंवा पोटावरचा कॅरियर घ्या, धातूच्या सांगाड्याचा नको.

आता हरवण्याचं. हे नीट वाचा. कुठल्याही जत्रेत मूल हरवलं की आपण सांगतो 'लाल शर्ट घातलाय'. इथे लाखभर लोकांनी तोच शर्ट घातलेला असतो. वर्णन बुटांवरून आणि मोज्यांवरून करता आलं पाहिजे. घरातून निघताना दोन्ही मुलांचा पायापर्यंतचा फोटो काढा. बूट आपल्या टीमच्या रंगाचे नकोत. एकाचे हिरवे, एकीचे जांभळे, काहीही. मनगटावर कागदी पट्टी, त्यावर फोन नंबर, सेक्शन, रांग. बॉलपेन घामाने पुसतं, पक्क्या शाईच्या मार्करने लिहून वर चिकटपट्टी लावा. नाव लिहू नका, नंबर पुरतो. पोहोचल्यावर तुमच्या सेक्शनच्या तोंडाशी उभा असलेला गणवेशातला माणूस मुलांना दाखवून ठेवा: 'मी दिसले नाही तर यांच्याकडे.'

तिकिटं फोनवर असतात आणि किकऑफच्या आसपास नेटवर्क कोलमडतं. घरीच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, आणि चारही तिकिटं एकाच फोनवर नकोत. एक जण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बाथरूमला गेला आणि दुसरा बाहेर राहिला असं होतं.

बाथरूम: हाफटाइमला जाऊच नका. दुसऱ्या क्वार्टरची पाच मिनिटं उरली की निघायचं, रांग नसते. तीन वर्षांच्या मुलाला तर प्रत्येक क्वार्टरच्या शेवटी न विचारता न्यायचं.

बाक बहुतेक ठिकाणी पाठ नसलेली, ॲल्युमिनियमची, एका माणसाला जेमतेम दोन वीत जागा. सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे ती दुपारी तापतात, नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे अंगातली ऊब ओढून घेतात. दोन्हीवर एकच उपाय, फोमची पातळ गादी. पायाखाली पुठ्ठा. लोखंडाच्या भुकटीचे हँडवॉर्मर लहान मुलांच्या अंगाला थेट लावू नका, भाजतं. खिशात ठेवा, मोज्यात नको. परत निघताना कारसीटचे पट्टे जाड जॅकेटवरून आवळू नका. जॅकेट काढून पट्टे लावा आणि वरून पांघरा, कारण जॅकेट दबलं की पट्टा सैल पडतो.

मक्याचं_कणीस (आयोवा सिटी)

इथे येणार असाल तर एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवा. किनिक स्टेडियमला लागूनच विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे, वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम, पाहुण्या टीमसकट, वळून त्या खिडक्यांकडे हात हलवतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'ती मुलं आजारी आहेत, आपण त्यांना टाटा करतोय' एवढं पुरतं. पहिल्या क्वार्टरच्या शेवटी बाथरूमला नेऊ नका म्हणून सांगतोय. वरचा सल्ला इथे एक क्वार्टर पुढे ढकला.

तवा_गरम (ऑस्टिन)

टेलगेटचं मी लिहितो. पावभाजी, वीस जणांसाठी.

बटाटे अडीच किलो, फ्लॉवर एक किलो, टोमॅटो दीड किलो, ढोबळी मिरची अर्धा किलो, मटार अर्धा किलो, लोणी अर्धा किलो (भाजीला आणि पावाला मिळून), पावभाजी मसाला ६०-७० ग्रॅम, पाव ६०. मुलांसाठी आठवा हिस्सा तिखट घालायच्या आधीच बाजूला काढा. नंतर लोणी घालून तिखट कमी होत नाही.

लोक चूक कुठे करतात: भाजी आदल्या दिवशी करून गार नेतात आणि तिथल्या तव्यावर गरम करायला जातात. सहा-सात किलो गार भाजी, २२ इंची तवा, वारा. तास जातो आणि मध्ये कोमट राहते. त्यापेक्षा सकाळी घरी रटरट उकळा. कूलर बॉक्समध्ये आधी दहा मिनिटं उकळतं पाणी घालून तो तापवा, पाणी ओता, भाजीचं भांडं झाकण बांधून जुन्या टॉवेलांत गुंडाळून आत ठेवा. वाढताना भाजी ६० अंश सेल्सिअसच्या वर असली पाहिजे; साधा थर्मामीटर खुपसून बघा. तव्यावर फक्त पाव आणि वरचा तडका.

पाव: इथल्या दुकानातले हवाईयन रोल गोड लागतात, भाजीबरोबर विचित्र. पोटॅटो रोल किंवा साधे डिनर रोल घ्या. २२ इंची तव्यावर एका वेळी दहा-बारा.

गॅस: एक पौंडाच्या प्रोपेन सिलेंडरमध्ये साधारण २१,६०० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात. दोन बर्नर मिळून २४,००० बीटीयूचा तवा पूर्ण आचेवर चालवला तर पाऊण तास ते तास. वारा असला की आच मोठी ठेवावी लागते. तीन सिलेंडर न्या. थंडीत दाब उतरतो, पेटत नाही, म्हणून गाडीच्या आत पायाशी ठेवलेला वापरा, डिकीत रात्रभर गारठलेला नको. पाऊस आला म्हणून तवा किंवा कोळशाची शेगडी तंबूत किंवा व्हॅनच्या मागच्या दाराआड ओढू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तव्याभोवती खडूने तीन फुटांची रेघ. मुलं रेघ पाळतात, 'लांब राहा' पाळत नाहीत.

उरलेलं: खोलीच्या तापमानाला दोन तास, ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. आमच्याकडे सप्टेंबरात म्हणजे एक तासच. दही, कोशिंबीर, चिकन सगळं बर्फात ४ अंशांच्या खाली.

वंदना_ताई

मुलांचे मित्रही येणारेत. कोथिंबीर वडी, साबुदाणा खिचडी चालेल का?

तवा_गरम

चालेल, पण कूट. आपल्याला कूट म्हणजे मीठ वाटतं, त्यामुळे सांगायचं राहून जातं. इथे बऱ्याच वर्गांत एखादं तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असतं. पाहुणी मुलं असतील तर त्या दिवशी कूट अजिबात नको. वेगळ्या डब्यात ठेवलं तरी चमचे एकमेकांत जातात. बटाटेवडा, मक्याची भजी, इडली बरी. तेलही शेंगदाण्याचं नको. डब्यांवर चिठ्ठ्या लावा आणि पालकांना आदल्या दिवशी यादी पाठवा. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याचं इंजेक्शन कोणाच्या खिशात आहे ते विचारून ठेवा.

हिशेबनीस

दोन विषय राहिले, दोन्ही पैशाचे.

एक, सट्टा. सामन्यात दर ब्रेकला बेटिंग ॲपच्या जाहिराती. मिशिगनमध्ये ऑनलाइन स्पोर्ट्स बेटिंग जानेवारी २०२१ पासून, ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून. दोन्हीकडे वय २१. ओहायोने २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचे बेट बंद केले, कारण हरलेले लोक पोरांना मेसेज करून धमकावत होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सरळ सांगा: ज्याच्यावर तुझा मित्र पैसे लावायचं बोलतोय तो एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आहे. मोठ्यांचं ॲप मुलांसमोर उघडू नका, फोनच्या पासवर्डखाली ठेवा. मजा हवी तर फ्रिजवर तक्ता: आठवड्याचे पाच सामने, प्रत्येकाने विजेता लिहायचा, सगळ्यात कमी बरोबर असेल त्याने रविवारची भांडी.

दोन, जर्सी. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमाई करू शकतात, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठं त्यांना थेटही पैसे देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्यात खेळाडू कॉलेज बदलणार हे गृहीतच. मुलाने ऑक्टोबरमध्ये हट्टाने ज्याच्या नावाची जर्सी घेतली तो जानेवारीत दुसरीकडे. नावाशिवायची जर्सी घ्या. 'तो आपल्याला सोडून का गेला' याचं उत्तर गद्दारी नव्हे. नोकरी बदलली, बाबाही बदलतात.

चौथा_डाउन

टॅकलबद्दल. मी इथे लहान मुलांच्या फ्लॅग (पाडापाडी नसलेला फुटबॉल) लीगला मदत करतो.

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, कन्कशनपासून (मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासून) नाही. मेंदू आतल्या आत हलतो, त्याला बाहेरचं कवच थांबवत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये टॅकल नसलेल्या लीग वाढवाव्यात असं म्हटलं होतं. फ्लॅगमध्ये कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. फेकणं, पकडणं, धावण्याच्या रेषा सगळं शिकता येतं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग आहे. माझं मत: हायस्कूलपर्यंत फ्लॅगच.

फ्लॅगमध्येही टकरा होतात. माउथगार्ड लागतोच: उकळत्या पाण्यात पाकिटावर लिहिलेली सेकंदं बुडवून दातांवर दाबायचा. बसला नाही तर मूल तो चघळतं आणि मैदानावर हातात धरून फिरतं.

डोक्याला लागल्यावर: डोकेदुखी, ओकारी, गोंधळलेलं, प्रकाश नको वाटणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. यातलं एकही असलं तर त्या दिवशी परत मैदानात नाही, 'बरं वाटतंय' म्हणालं तरी. सगळ्या ५० राज्यांत तसा कायदा आहे, पहिला वॉशिंग्टन राज्याचा, २००९. परतताना डॉक्टरच्या सल्ल्याने सहा पायऱ्या, प्रत्येक किमान २४ तासांची. लक्षणं पुन्हा दिसली तर एक पायरी मागे. वाढती डोकेदुखी, वारंवार ओकारी, झटके, बाहुल्या लहानमोठ्या, उठवूनही न उठणं: थेट इमर्जन्सी.

शेंदरी_करडा

हरल्यानंतरचं घर यावरही कोणीतरी लिहा म्हणणार होतो, मीच लिहितो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला खरंच वाटतं की आपण उठलो म्हणून इंटरसेप्शन झालं (आपला फेकलेला बॉल समोरच्याने पकडला). 'तू आत आलास आणि घालवलीस' हे गमतीतही नको. जागा बदलायची नाही, मोजे धुवायचे नाहीत असले नवस मोठ्यांनी आपापसात ठेवावेत. रेफरीला शिवी घातली की सोमवारी ती शाळेत पोहोचते. एक ठरलेला मराठी शब्द घ्या, 'अरे गाढवा' भरपूर. मॅच संपली की टीव्ही लगेच बंद, चर्चेचे कार्यक्रम नाहीत, आणि मोठ्यांनी गप्प बसायचं असेल तर काम करत बसायचं. सोफ्यावर तोंड पाडून बसलेला बाप मुलांना हरण्यापेक्षा जास्त घाबरवतो.

आईबाप वेगवेगळ्या विद्यापीठांचे असतील तर मुलाला दोन्ही टोप्या द्या आणि निवडायला लावू नका. मिशिगन-ओहायो स्टेट हे १८९७ पासून चाललंय, आपल्या दिवाणखान्यात मिटणार नाही. त्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात, त्यामुळे मिहिर आणि मीरा नावाच्या मुलांची वर्गात जरा चेष्टा होते, आधी सांगून ठेवा. सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, थँक्सगिव्हिंगनंतर लगेच, बहुतेक दुपारी १२ ला, म्हणजे घरात पाहुणे असतात. २०२६ मध्ये इकडे, कोलंबसला.

स्टेडियममध्ये असाल तर तो संपल्यावर मुलांना घेऊन पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून खेळाडूंची हाणामारी झाली, पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला, दोन्ही विद्यापीठांना एक-एक लाख डॉलर दंड झाला. लोक मैदानात उतरायला लागले तर उलट दिशेला, वर चढायचं. खालच्या कठड्याजवळ थांबायचं नाही.

शनिवारवाडा

हे शेवटचं मान्य, टीम कुठलीही असो.

वंदना_ताई

सगळ्यांचे आभार. छापून घेतलं. एकच शेवटचं: पांढऱ्या जर्सीवर पावभाजी सांडली तर?

तवा_गरम

सांडणारच. आधी सुरीच्या उलट्या बाजूने खरवडा, चोळू नका, लोणी आत जातं. भांडी धुवायचा लिक्विड थेंबभर, दहा मिनिटं, गार पाणी. कपड्याचा साबण लावताच हळद लाल होईल, घाबरू नका, अल्कली लागली की ती तशीच होते, खळबळून निघाल्यावर पुन्हा पिवळी. मग उलटी करून गार पाण्यात मशीनला लावा आणि कडक उन्हात डागाची बाजू वर करून वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीन दिवस लागतात. डाग पूर्ण गेल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकू नका, पक्का बसतो. तसंही ड्रायरच्या उष्णतेने जर्सीवरचे चिकटवलेले आकडे सुटतात.